शेतवस्तीवरील श्वानाचे आरोग्य: उपचाराआधीची निगा

प्रस्तावना

मेंढपाळाच्या कळपामागून चालणारा, उसाच्या फडाशेजारच्या वस्तीवर रात्रभर जागणारा किंवा द्राक्षबागेच्या कुंपणाशी बसलेला कुत्रा हा आपल्या शेतीव्यवस्थेचा जुना घटक आहे. तरीही पशुधनाच्या नोंदवहीत, विम्यात आणि वार्षिक लसीकरणाच्या यादीत त्याचे नाव क्वचितच आढळते. देशी श्वानांचे महत्त्व आता संशोधन संस्थांनीही अधोरेखित केले आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तामिळनाडूतील राजापालयम व चिप्पीपराई आणि कर्नाटकातील मुधोळ हाऊंड यांची देशी जाती म्हणून नोंद केली आहे. मुधोळच्या कुळातील श्वान महाराष्ट्रात कारवान म्हणून परिचित आहेत आणि त्यांतील लांब केसांच्या प्रकारास पश्मी म्हणतात.

मात्र जात नोंदवली गेली म्हणून दारातल्या कुत्र्याची निगा आपोआप सुधारत नाही. खेड्यात अनेक कुत्र्यांची स्थिती अशी असते की भाकरी चार घरांची, पण लस कोणाचीच नाही. अशा कुत्र्याचा आजार त्याच्यापुरता राहत नाही. तो घरातील मुलांजवळ, गोठ्यातील जनावरांजवळ आणि शिवारातील वन्य प्राण्यांजवळ सारखाच वावरतो. त्यामुळे श्वानाची प्रतिबंधात्मक निगा हा हौसेचा भाग न मानता शेताच्या जैवसुरक्षेचा भाग मानणे आवश्यक आहे.

समग्र निगा म्हणजे काय

समग्र निगा म्हणजे लसीऐवजी जडीबुटी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात लसीकरण, जंतनिर्मूलन, गोचीड नियंत्रण, आहार, निवारा, व्यायाम, प्रजनन आणि वर्तन यांचा एकत्रित विचार म्हणजे समग्र निगा होय. या बाबी परस्परांशी निगडित आहेत. जंतांनी पोखरलेल्या पिल्लात लसीचा अपेक्षित परिणाम होत नाही. गोचिडांनी रक्त कमी झालेला कुत्रा उन्हाळा सहन करू शकत नाही. सतत साखळीला बांधलेला कुत्रा चिडखोर होतो आणि चावण्याच्या घटना वाढतात. परंपरागत वनौषधींना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पूरक स्थान असू शकते. परंतु रेबीज, पार्व्हो किंवा डिस्टेंपर यांपासून संरक्षण देणारी कोणतीही वनस्पती नाही.

रेबीज: एकही चूक न परवडणारा आजार

जगात रेबीजमुळे दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मृत्युमुखी पडतात, असा अंदाज आहे. माणसातील सुमारे ९९ टक्के रुग्णांमध्ये संसर्ग कुत्र्यापासून होतो. विषाणू चाव्याच्या जागेतून मज्जातंतूंमार्गे मेंदूकडे सरकतो. लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. मात्र लक्षणांपूर्वी योग्य उपचार वेळेत झाल्यास तो टाळता येतो.

पिल्लाला वयाच्या तिसऱ्या महिन्यात रेबीजची पहिली लस द्यावी, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानुसार बूस्टर मात्रा द्यावी आणि त्यानंतर दरवर्षी लस चालू ठेवावी. कुत्रा 'घरचाच आहे, बाहेर जात नाही' हे कारण पुरेसे नाही. कारण वस्तीवर रात्री कोल्हा, मुंगूस किंवा अनोळखी कुत्रा येऊन गेल्याचे मालकाला कळतही नाही.

कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून किमान १५ मिनिटे धुवावी, त्यावर आयोडीनयुक्त जंतुनाशक लावावे आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. हळद, मिरची, चुना, तेल किंवा माती जखमेवर लावू नये. त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, तर स्नायूत दिली जाणारी लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. त्वचा फाटून रक्त आले असल्यास लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन देणे आवश्यक असते. चावणाऱ्या कुत्र्यास १० दिवस निरीक्षणाखाली ठेवावे. तथापि निरीक्षणाच्या निष्कर्षाची वाट पाहत उपचार लांबवू नयेत.

पशुपालकांनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. रेबीज झालेली गाय किंवा म्हैस नेहमीच आक्रमक होत नाही. ती बसक्या आवाजात वारंवार हंबरते, तोंडातून लाळ गाळते, चारा गिळू शकत नाही आणि पुढे तिचे मागचे पाय लुळे पडतात. घशात काही अडकले असावे असे समजून पशुपालक तिच्या तोंडात हात घालतो आणि स्वतः संसर्गाच्या छायेत येतो. अशा जनावराच्या तोंडात उघड्या हाताने तपासणी करू नये, त्याचे दूध वापरू नये आणि तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे. पिसाळलेला कुत्रा जनावरास चावल्याचे निश्चित असल्यास त्याचीही जखम धुऊन चाव्यानंतरचे लसीकरण सुरू करावे.

पिल्लांचे लसीकरण एकाच मात्रेत का संपत नाही

पहिल्या चिकाच्या दुधातून पिल्लाला आईकडून प्रतिपिंडे मिळतात. हीच प्रतिपिंडे काही आठवडे लसीलाही निष्प्रभ करतात. ती कोणत्या आठवड्यात ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून पहिली एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात देऊन त्यानंतर दर २ ते ४ आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत मात्रा द्याव्या लागतात. मधली मात्रा चुकली की नेमक्या असुरक्षित काळात पिल्लू उघडे पडते.

पार्व्हो विषाणूमुळे उलट्या आणि रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त हगवण होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते. हा विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो. पिल्लू दगावलेल्या जागी लगेच दुसरे आणू नये. फरशी, भांडी व साखळी आधी स्वच्छ धुऊन एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी या द्रावणाने निर्जंतुक करावी.

डिस्टेंपरमध्ये ताप, डोळ्यांतून व नाकातून घट्ट स्राव, खोकला आणि पुढे स्नायूंना झटके येतात. जंगलालगतच्या वस्त्यांवर या लसीचे महत्त्व अधिक आहे. १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटी येथे या विषाणूने सुमारे एक-तृतीयांश सिंह मृत्युमुखी पडले आणि त्या साथीचा माग भोवतालच्या गावांतील कुत्र्यांपर्यंत पोहोचला. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्यांतील काही सिंहांमध्ये हाच विषाणू असल्याचे सिद्ध केले.

जंतनिर्मूलन: मुलांच्या आरोग्याशी थेट संबंध

गोलकृमी पिल्लाच्या शरीरात जन्मापूर्वीच आईकडून येतात. अंकुशकृमी दुधातून येतात. म्हणून पिल्लाला वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर १५ दिवसांनी तिसऱ्या महिन्यापर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी वजनानुसार जंतनाशक द्यावे. व्यालेल्या मादीलाही पिल्लांसोबत मात्रा द्यावी.

शेळी-मेंढीपालकांसाठी सर्वांत गंभीर जंत म्हणजे अवघ्या काही मिलिमीटर लांबीचा एकायनोकोकस हा फीतकृमी. जत्रेत किंवा सणाच्या दिवशी बोकड कापल्यानंतर पाण्याच्या गाठी असलेले यकृत किंवा फुप्फुस कुत्र्यापुढे टाकले जाते. त्या गाठीतून कुत्र्याच्या आतड्यात हजारो फीतकृमी वाढतात. सुमारे सहा ते सात आठवड्यांत त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात आणि गवत, भाजीपाला, पाणी व कुत्र्याच्या केसांवर पसरतात. शेळ्या-मेंढ्या ती चरताना गिळतात. मुले कुत्र्याला कुरवाळून न धुतलेला हात तोंडात घालतात. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात वाढणारी गाठ वर्षानुवर्षे लक्षात येत नाही आणि अनेकदा शस्त्रक्रियेवाचून पर्याय उरत नाही. अशाच दुसऱ्या एका फीतकृमीमुळे मेंढीच्या मेंदूत गाठ होऊन ती एकाच दिशेने गोल फिरू लागते.

ही साखळी तोडण्याचा उपाय साधा आहे. कापलेल्या जनावराचे टाकाऊ अवयव कच्चे टाकू नयेत. ते खोल खड्ड्यात पुरावेत किंवा पूर्ण उकळावेत. कळपासोबत राहणाऱ्या कुत्र्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्यावे. अनेक सामान्य जंतनाशकांचा फीतकृमींवर परिणाम होत नाही, त्यामुळे औषधाच्या वेष्टनावरील घटक तपासूनच ते निवडावे.

गोठा, जार आणि गर्भपात

गाय व्याल्यानंतर पडलेला जार कुत्र्याने खाणे ही अनेक गोठ्यांतील नित्याची बाब आहे. निओस्पोरा कॅनायनम हा एकपेशीय परजीवी गायींमध्ये गर्भपात घडवितो आणि कुत्रा हा त्याचा अंतिम यजमान आहे. संक्रमित जार किंवा मृत वासरू खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेतून हा परजीवी वैरण व पाण्यात मिसळतो. यावर औषधापेक्षा व्यवस्थापन अधिक उपयुक्त ठरते. जार आणि गर्भपात झालेले वासरू हातमोजे घालून चुन्यासह खोल पुरावे. वैरणीची गंजी, खुराकाची पोती आणि पाण्याची टाकी कुत्र्यांपासून झाकून ठेवावी.

गोचीड व कीटकनाशकांचा गैरवापर

कुत्र्याच्या तपकिरी गोचिडामुळे एर्लिकिया, बबेसिया व हेपॅटोझून या रक्तातील परजीवी व जिवाणूजन्य आजारांचा प्रसार होतो. ताप, मलूलपणा, फिकट हिरड्या, नाकातून रक्त येणे किंवा गडद रंगाची लघवी ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी रक्त तपासणीशिवाय औषध देऊ नये.

या गोचिडाचे बहुतेक आयुष्य कुत्र्याच्या अंगाबाहेर, भिंतीच्या भेगांत आणि छपराच्या कोपऱ्यांत जाते. मादी तेथेच हजारो अंडी घालते. म्हणून केवळ कुत्र्याला औषध लावून प्रश्न सुटत नाही. भेगा लिंपाव्यात, अंथरूण उन्हात टाकावे, निवाऱ्याभोवतीचे गवत कापावे आणि प्रक्रिया ठरावीक अंतराने पुन्हा करावी. अंगावरील गोचीड चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढावे. रॉकेल लावणे किंवा उघड्या बोटांनी चिरडणे टाळावे.

पिकावर फवारण्याची कीटकनाशके कुत्र्याच्या अंगाला कधीही लावू नयेत. ऑर्गनोफॉस्फरस विषबाधेत कुत्र्याची लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि स्नायू थरथरतात. जनावरांसाठीचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने देणेही घातक आहे. कोली वंशाच्या काही श्वानांना ते विशेष विषारी ठरते. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष किंवा त्याने मेलेला उंदीर कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही याची दक्षता घ्यावी. माणसांची वेदनाशामके, विशेषतः आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल, स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

आहार: पोट भरणे आणि पोषण होणे

केवळ भाकरी-दुधावर वाढणाऱ्या पिल्लाचे पोट भरते, पण प्रथिने व खनिजे अपुरी पडतात. केवळ मांस दिल्यासही कॅल्शियम कमी पडून हाडे वाकतात. भाकरी किंवा भातासोबत शिजवलेले अंडे, मासे किंवा मांस, शिजवलेली डाळ, थोडी भाजी आणि पशुवैद्यकाने सुचविलेले खनिज मिश्रण असा मेळ घालावा. शिजवलेली हाडे फुटून आतड्याला इजा करतात, म्हणून ती देऊ नयेत.

कांदा व लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींचा नाश करतात. लसूण खाऊ घातल्याने गोचीड जातात, हा समज त्यामुळे धोकादायक आहे. द्राक्षे व बेदाण्यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष पट्ट्यात गळलेले घड आणि बेदाणा शेडमधील सांडलेला माल कुत्र्याच्या आवाक्यात राहू देऊ नये. चॉकलेट व झायलिटॉलयुक्त गोड पदार्थही वर्ज्य मानावेत.

शहरातील श्वानांमध्ये स्थूलता हा मोठा प्रश्न आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅब्राडोर श्वानांवरील आजीवन अभ्यासात, २५ टक्के कमी आहार दिलेल्या गटाचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे आढळले. हात फिरवल्यावर फासळ्या सहज जाणवाव्यात, मात्र दुरून उठून दिसू नयेत, हा वजनाचा साधा निकष आहे.

ऋतुमानानुसार दक्षता

कुत्रा प्रामुख्याने धाप टाकून शरीर थंड ठेवतो. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बांधलेल्या कुत्र्यास उष्माघात होऊ शकतो. शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सियसवर गेल्यास त्याला सावलीत आणून साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीने दवाखान्यात न्यावे.

पावसाळ्यात कोकण, गोवा, केरळ व इतर भातशेतीच्या पट्ट्यांत लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. उंदीर व कुत्र्यांच्या मूत्रातून जिवाणू चिखलात उतरतात आणि अनवाणी शेतकऱ्याच्या जखमेतून शरीरात शिरतात. या लसीच्या पहिल्या दोन मात्रा २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने पावसाआधी पूर्ण कराव्यात आणि पुढे ती दरवर्षी द्यावी. बिबट्याचा वावर असलेल्या जुन्नरसारख्या भागात रात्री कुत्रा उघड्यावर बांधून ठेवू नये. तो स्वतः भक्ष्य ठरतो आणि बिबट्याला वस्तीकडे आकर्षित करतो.

वर्तन आणि प्रजनन नियंत्रण

पिल्लाच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात त्याला माणसे, मुले, गुरे व वाहने यांची सवय लावल्यास पुढे ते भित्रे किंवा आक्रमक होण्याची शक्यता कमी होते. रोज मोकळे फिरणे, निश्चित काम आणि शिक्षेऐवजी बक्षिसाने शिकवणे यांचा परिणाम औषधाइतकाच ठोस असतो. पैदाशीसाठी राखायचा नसल्यास श्वानाची नसबंदी करावी. त्यामुळे मादीतील गर्भाशयाचा पू टळतो, स्तनांच्या गाठींची शक्यता घटते आणि मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत संगातून पसरणाऱ्या जननेंद्रियाच्या गाठीचे प्रमाणही कमी होते.

घरच्या घरी मासिक तपासणी

महिन्यातून एकदा दहा मिनिटे देऊन पुढील बाबी पाहाव्यात आणि वहीत नोंदवाव्यात:

• शरीराचे तापमान: साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस
• विश्रांतीतील श्वसन: मिनिटाला १० ते ३०
• हिरड्या: गुलाबी, बोटाने दाबून सोडल्यावर २ सेकंदांच्या आत रंग परत यावा
• कान, पायाच्या बोटांमधील जागा व शेपटीखाली गोचीड, पिसवा किंवा जखमा
• दातांवरील किटण व तोंडाची दुर्गंधी
• वजन, भूक, लघवी व विष्ठेतील बदल

वार्षिक वेळापत्रक

• जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर: जंतनाशक, कळपातील कुत्र्यांना फीतकृमीसाठी स्वतंत्र वेळापत्रक
• फेब्रुवारी-मार्च: निवाऱ्याची डागडुजी, भेगा लिंपणे, सावलीची सोय
• एप्रिल-मे: लेप्टोस्पायरासह एकत्रित लसीची वार्षिक मात्रा
• जून ते सप्टेंबर: दर आठवड्याला गोचीड तपासणी, कोरडी बसण्याची जागा
• सप्टेंबर: रेबीज लस, २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास गावपातळीवरील शिबिर
• डिसेंबर: पशुवैद्यकाकडून सर्वांगीण तपासणी, वृद्ध श्वानांची रक्त तपासणी

पिल्लांना मात्र महिन्यांऐवजी वयानुसार वेळापत्रक लागू होते.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

एका घराने कुत्र्याला लस दिली तर ते घर काही अंशी सुरक्षित होते; गाव सुरक्षित होण्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक असते. गावात १०० कुत्री असतील तर त्यांतील ७० कुत्र्यांपर्यंत, म्हणजे मालक नसलेल्यांपर्यंतही पोहोचावे लागते. दरवर्षी नवी पिल्ले जन्मतात व जुनी कुत्री मरतात, म्हणून ही मोहीम दरवर्षी करावी लागते. गोव्यात शासन आणि स्वयंसेवी संस्थेने घराघरांतील व मोकाट कुत्र्यांचे लसीकरण, शाळांतील शिक्षण आणि संशयित कुत्र्यांची तपासणी यांची सांगड घातली. त्यानंतर माणसांतील रेबीजचे मृत्यू थांबत गेले आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. त्याच वर्षी, २०३० पर्यंत श्वानजन्य रेबीज संपविण्याची राष्ट्रीय कृती योजना केंद्र शासनाने सुरू केली.

शिबिर घेताना लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात शीतपेटीत ठेवावी व ती गोठू देऊ नये. शिबिराची वेळ सकाळी लवकर, शेतकरी शेतावर जाण्यापूर्वीची असावी. प्रत्येक कुत्र्याला लसीकरण पत्रिका द्यावी आणि 'पोसणारे घर' म्हणून एका कुटुंबाचे नाव नोंदवावे. पशुसखी, शाळा व ग्रामपंचायत यांना सहभागी करून घेतल्यास मालक नसलेली कुत्रीही यादीत येतात.

समारोप

गावागणिक लसीकरण आणि चिकाटीने ठेवलेल्या नोंदी यांच्या बळावर भारताने बुळकांडीसारखा गुरांचा कर्दनकाळ हटविला आणि २००६ मध्ये देश त्या संसर्गातून मुक्त ठरला. श्वानांच्या आरोग्याबाबतही तीच शिस्त लागू पडते. लसीची एक कुपी, जंतनाशकाची एक गोळी, जार पुरण्याचा एक खड्डा आणि भिंतीवर टांगलेले वेळापत्रक या गोष्टी कोणत्याही शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहेत. त्या चुकल्या तर मोल मोजणारे मूल किंवा म्हैस मात्र परत आणता येत नाही. म्हणून प्रगतिशील शेतकऱ्यांनी पशुधनाच्या नोंदवहीत यंदा एक नवे पान सुरू करावे आणि त्यावर पहिली नोंद आपल्या राखणदाराच्या लसीकरणाची करावी.